दप्तरातली इमारत: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी टपालात एकाच धाटणीचे प्रश्न जास्त आले. मुंबईत घर घेताना किंवा भाड्याने राहायला जाताना महापालिका, म्हाडा, महारेरा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारे प्राधिकरण) यांच्या खुल्या नोंदी पाहून इमारतीला गुण देता येतात का? येतात. मात्र नोंद कोणी केली, कधी केली आणि कशासाठी केली हे कळल्याखेरीज तिचे गुण धरू नयेत. परवानग्या आणि स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) यांत रोज वावरणाऱ्या जाणकारांनी ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर होते, तीत आमची इमारत नाही. म्हणजे ती सुरक्षित समजायची ना? आणि सी-१, सी-२ म्हणजे नक्की काय? (मुलुंड)

समजू नका. यादीत नाव नाही याचा अर्थ एवढाच, की ती इमारत तपासून तसा शेरा अजून कोणी मारलेला नाही.

मुंबईत चार वर्ग चालतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-२बी मध्ये दुरुस्ती संरचनात्मकच, पण लोक राहत असताना करता येण्यासारखी. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. वर्तमानपत्रांत गाजते ती यादी सी-१ ची. सी-२ए मधली इमारत तिथे दिसणारच नाही, आणि घर घेणाऱ्यासाठी सगळ्यांत फसवा वर्ग हाच. दुरुस्ती वेळेवर झाली तर अशी इमारत आणखी बरीच वर्षे काढते. वर्गणीवरून सोसायटीत भांडणे लागली आणि काम रखडले, तर तीच पुढे सी-१ होते.

इमारत तपासली जाण्याचा कायदेशीर मार्ग मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३ब मध्ये आहे. ३० वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून करून घेऊन अहवाल सादर करायचा असतो. ही ३० वर्षे बांधकाम पूर्ण झाल्यापासून, वापर परवानगीपासून (ओसी) किंवा निम्म्या क्षेत्रात प्रत्यक्ष राहणे सुरू झाल्यापासून, यांपैकी जे आधी घडले तिथून मोजतात. ओसी नाही म्हणून घड्याळ सुरूच झाले नाही, हा युक्तिवाद चालत नाही. जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची. अहवाल दिलाच नाही तर इमारतीचा वर्ग ठरत नाही, आणि वर्ग ठरला नाही की यादीत नाव नाही. म्हणजे सगळ्यांत निष्काळजी सोसायटी यादीत सगळ्यांत स्वच्छ दिसू शकते.

चौकशी वॉर्ड ऑफिसातल्या इमारत व कारखाने विभागात करायची. ‘अमुक इमारतीचा ३५३ब खालचा अहवाल दाखल आहे का, कोणत्या तारखेचा आणि वर्ग कोणता’ एवढेच विचारा.

पागडीच्या इमारतींत आणखी एक गुंता असतो. मालकाचा ऑडिटर सी-१ म्हणतो, भाडेकरूंचा सी-२बी. असे परस्परविरोधी अहवाल आले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे, म्हणजे टॅककडे जाते. तेव्हा पागडीच्या इमारतीवर नुसता सी-१ चा शिक्का पाहून थांबू नका. टॅकचा निर्णय झाला आहे का आणि तो काय आहे, हे मागा.

प्रश्न: गिरगावातली एक खोली पाहिली. एजंट म्हणतो इमारत म्हाडाच्या ‘ए कॅटेगरी’ची आहे, त्यामुळे काळजी नाही. (डोंबिवली)

ए कॅटेगरी म्हणजे ती १ सप्टेंबर १९४० पूर्वीची आहे. एवढेच. उपकरप्राप्त इमारतींचे (मालमत्ता करासोबत दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचे) अ, ब, क हे वर्ग निव्वळ वयाचे आहेत: ब वर्ग १ सप्टेंबर १९४० ते ३१ डिसेंबर १९५०, क वर्ग १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९. मजबुतीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. एजंटाने तुम्हाला इमारत सर्वांत जुन्या गटातली असल्याचे प्रशस्तिपत्र म्हणून सांगितले.

शिवाय उपकरप्राप्त इमारतींची धोकादायक यादी म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ वेगळी काढते. गिरगावातल्या जुन्या चाळीचे नाव महापालिकेच्या यादीत शोधून ‘नाही’ म्हणून निश्चिंत होणे चुकीचे आहे. उपकर मालमत्ता कराच्या बिलात दिसतो. तो असेल तर मंडळाची यादी पाहा.

प्रश्न: कांदिवलीत १४ मजली इमारतीत ११ व्या मजल्यावर फ्लॅट मिळतो आहे. ‘पार्ट ओसी’ आहे, मालमत्ता कर भरला जातो, पाणी आहे, बँक कर्जही देते आहे. मग पूर्ण ओसी नसल्याने काय बिघडते? (बोरिवली)

आधी मंजुरीची साखळी बघू. मुंबईत क्रम असा: आयओडी (महापालिका अधिनियमाच्या कलम ३४६ खालची नकाशांची सशर्त मंजुरी, अटींची लांबलचक जंत्री असलेली), मग सीसी म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला, आणि शेवटी ओसी, म्हणजे कलम ३५३अ खालची वापर परवानगी. सीसी बहुधा टप्प्याटप्प्याने मिळते, आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांसाठी. तिच्या मागच्या बाजूला पुढच्या मजल्यांची वाढीव मंजुरी आणि तारखा शिक्क्यानिशी लिहिलेल्या असतात. झेरॉक्स देताना नेमके हेच मागचे पान गळते. ते मागाच.

पार्ट ओसीच्या पत्रात ती कोणत्या विंगला, कितव्या मजल्यापासून कितव्यापर्यंत आहे हे लिहिलेले असते. तुमच्या उदाहरणात पत्र तळमजला ते ९ असे असेल, तर ११ व्या मजल्याला परवानगीच नाही. ‘इमारतीला पार्ट ओसी आहे’ हे वाक्य खरे असूनही तुमच्या फ्लॅटबद्दल खोटे ठरू शकते. पत्रासोबत मंजूर नकाशा असतो. त्यावर तुमचा मजला आणि फ्लॅटची आखणी प्रत्यक्षाशी ताडून पाहा. नकाशात जिथे फ्लॉवर बेड किंवा डक्ट आहे, तिथे प्रत्यक्षात बेडरूमचा कोपरा निघाला, तर पूर्ण ओसी का अडली हे तिथेच कळते. इतर नेहमीची कारणे म्हणजे मंजूर क्षेत्रापेक्षा जास्त बांधकाम, महापालिकेला न भरलेला प्रीमियम (सवलतींसाठीचे शुल्क), कमी पडलेले पार्किंग, रस्त्यासाठी सोडायची जागा ताब्यात न देणे, अग्निशमन दलाची अंतिम एनओसी नसणे. यातले शेवटचे सोडले तर बाकीची बहुतेक पैशांची आणि कागदांची दुखणी आहेत. अग्निशमनाचे मात्र जिवाशी आहे. म्हणून ‘ओसी का नाही?’ या प्रश्नाला ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर घेऊ नका. महापालिकेने शेवटच्या पत्रात काय त्रुटी काढल्या ते पत्र मागा.

मालमत्ता कराचे बिल हा अधिकृतपणाचा पुरावा नाही. बेकायदा बांधकामावरही कर आणि वर दंड आकारता येतो, आणि कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हे कलम १५२अ मध्ये स्पष्ट आहे. पाण्याचेही तसेच. ओसी नसलेल्या इमारतीला माणुसकीच्या नावाखाली जोडणी मिळते, पण जास्त दराने. सोसायटीचे पाण्याचे बिल मागून दर बघा. ओसीविषयी तोंडी दिलेली आश्वासने तिथे उघडी पडतात. बँकेच्या कर्जावरही फार विसंबू नका, बँक तिच्या वसुलीपुरते पाहते.

प्रश्न: महापालिकेच्या संकेतस्थळावर आमच्या इमारतीची ओसी सापडतच नाही. बेकायदा आहे का? (चेंबूर)

लगेच तसे म्हणू नका. झोपडपट्टी पुनर्वसनातली इमारत असेल तर तिची परवानगी एसआरएकडे, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे असते. म्हाडाच्या लेआउटमधल्या इमारतींना २०१८ पासून म्हाडाच नियोजन प्राधिकरण आहे, त्यामुळे त्यानंतरचे कागद तिकडे सापडतात आणि आधीचे महापालिकेत. दोन्हीकडे नसेल तर शोध कशाने घेतला ते पाहा. सोसायटीच्या नावाने शोधले तर बहुधा हाती काही लागत नाही, कारण परवानगी मिळताना सोसायटी अस्तित्वातच नसते. सीटीएस क्रमांक, म्हणजे जमिनीचा नगर भूमापन क्रमांक (शहर भागात सीएस क्रमांक), गाव-विभाग आणि आर्किटेक्टचे नाव यांनी शोधा. जुन्या इमारतींच्या फाइलींचा ‘सीई’ने सुरू होणारा क्रमांक आयओडीवर असतो; तो मिळाला की निम्मे काम झाले.

प्रश्न: सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल दाखवला. ८० पाने आहेत आणि शेवटी ‘सी-२बी’. यात बघायचे काय? (ठाण्याहून दादरला जाणारे)

शेवटचे पान सोडून बाकीची ७९.

पहिली गोष्ट तारीख. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि त्यापुढच्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा व्हायला हवे. ३५ वर्षांच्या इमारतीचा ६ वर्षांपूर्वीचा अहवाल आज जवळजवळ निरुपयोगी आहे.

दुसरी, चाचण्या किती आणि कुठे. नुसत्या पाहणीवर आणि तडे दाखवणाऱ्या फोटोंवर वर्ग ठरवला असेल, तर तो अंदाज समजा. अहवालात कॉलमना क्रमांक दिलेला नकाशा हवा आणि प्रत्येक चाचणी कोणत्या कॉलमवर, कोणत्या मजल्यावर झाली ते हवे. सगळ्या चाचण्या गच्चीवर आणि जिन्यात, स्टिल्टमधल्या (तळाच्या खांबांवरच्या मोकळ्या मजल्यातल्या) एकाही कॉलमवर नाही, असे दिसले तर विचारा का. सगळा भार तिथेच उतरतो.

तिसरी, चाचण्या एकमेकांशी जुळतात का. रिबाउंड हॅमर फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उलट टणक होतो, त्यामुळे हॅमरचे आकडे छान येतात आणि आत सळई गंजत असते. म्हणून हॅमरसोबत अल्ट्रासॉनिक चाचणी हवी. तीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली गेला तर ते काँक्रीट संशयास्पद. मात्र काँक्रीट ओले असेल तर वेग वाढलेला दिसतो, म्हणून भर पावसाळ्यात गळक्या स्लॅबवर घेतलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवताना हात आखडता घ्या.

गंजाचा अंदाज हाफ-सेल चाचणीने येतो. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण आले, तर त्या ठिकाणी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. उणे २०० ते उणे ३५० मधले निश्चित काही सांगत नाही. त्याला जोड कार्बोनेशनच्या चाचणीची. काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात; गुलाबी झाले तेवढे काँक्रीट अजून अल्कधर्मी, रंग न चढलेला थर कार्बोनेट झालेला. या थराची खोली आणि सळईवरचे कव्हर (सळईबाहेरच्या काँक्रीटची जाडी) शेजारी ठेवून वाचायचे. कव्हर २५ मिलिमीटर आणि कार्बोनेशन ३० मिलिमीटर, म्हणजे सळईचे संरक्षण संपले, वरून प्लास्टर कितीही गुळगुळीत असो.

कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, कापून घेतले असतील तर उत्तम. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तीन कोअरची सरासरी अपेक्षित घन-ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. तुलना काँक्रीटच्या कोणत्या ग्रेडशी (ताकदीच्या प्रतीशी) केली ते पाहा. ती इमारत बांधताना नकाशात लिहिलेल्या ग्रेडशी व्हायला हवी. आरसीसीसाठी किमान एम २० ही अट २००० च्या आवृत्तीतली. त्याआधीच्या बऱ्याच इमारती एम १५ च्या आहेत आणि एवढ्यावरून त्या वाईट ठरत नाहीत.

आणि शेवटची, जी बहुतेक अहवालांत एका ओळीत उरकलेली असते: आतले फेरफार. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईसिद्धी इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या कामावर बोट ठेवले गेले. तळमजल्याच्या दुकानात, दवाखान्यात, जिममध्ये भिंत काढली का, कॉलम तासला का, बीममधून ड्रेनेजचा पाइप नेला का, हे ऑडिटरने आत जाऊन पाहिलेले असले पाहिजे. ‘सदर गाळा बंद असल्याने पाहणी होऊ शकली नाही’ असे वाक्य सापडले, तर अहवालातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग कोरा आहे.

दुरुस्ती झाली असे सांगत असतील तर कामाचे बिल बघा. सळया उघड्या करून गंज काढणे, पॉलिमर मॉर्टर, मायक्रोकाँक्रीटचे जॅकेटिंग असे काही त्यात दिसते, की नुसते प्लास्टर आणि बाहेरचा रंग? रंगाचे बिल सगळ्यांत मोठे असेल तर काय समजायचे ते समजा.

प्रश्न: दोन इमारती पसंत आहेत. एकीवर महापालिकेच्या ११ नोटिसा, दुसरीवर ३. आम्ही तक्ता करून गुण देतो आहोत. पद्धत बरोबर आहे का? (विलेपार्ले)

मोजणी करण्याआधी नोटिसा वेगळ्या करा. कलम ३५१ ची किंवा एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस बहुधा एखाद्या फ्लॅटच्या वाढीव बांधकामाला असते: झाकलेली बाल्कनी, गच्चीवरची शेड. ३५४अ म्हणजे चालू असलेले विनापरवाना काम थांबवा. कलम ३५४ ची नोटीस मात्र इमारत मोडकळीस आल्याची. अकरा बाल्कन्या आणि एक ३५४ यांत घर घेणाऱ्याने अकरा बाल्कन्या निवडाव्यात.

मग एकाच गोष्टीवर निघालेल्या पुन्हा पुन्हा नोटिसा एक धरा. दोन शेजाऱ्यांचे भांडण असले की एका शेडवर सहा तक्रारी आणि तीन नोटिसा सहज होतात. फ्लॅटच्या आतल्या बाबींना फ्लॅटसंख्येने भागा. २४ फ्लॅटमागे ११ आणि २४० फ्लॅटमागे ११ हे सारखे नाही. पण गच्ची, कॉलम, पाण्याची टाकी, पंप यांच्या नोटिसांना भागू नका. त्या साऱ्या इमारतीच्या आहेत.

तक्रारी कमी असणे हा गुण नाही. जिथे सगळे भाडेकरू आणि मालक परदेशी, तिथे तक्रार करणारा कोणी नसतो. नोटिशीची तारीख आणि पूर्ततेची तारीख यांतले अंतर आम्ही जास्त मानतो. नोटीस आली आणि तीन महिन्यांत काम होऊन प्रकरण निकाली निघाले, ती सोसायटी चांगली. चार वर्षे ‘प्रलंबित’, ती नाही.

आणि सरासरी काढू नका. तुमच्या तक्त्यात लिफ्ट, पार्किंग, स्वच्छता यांना पैकीच्या पैकी देऊन सी-२ए ची इमारत ७० गुणांवर पोहोचेल आणि तुम्हाला प्रथम श्रेणी वाटेल. आधी चार गाळण्या लावा: वर्ग सी-१ किंवा दुरुस्ती न झालेला सी-२ए, ३५४ ची उघडी नोटीस, तुमच्या मजल्याला ओसी नसणे, आणि अग्निशमन यंत्रणा बंद. यातले एकही लागू झाले तर तिथे गुण देणे थांबवा. उरलेल्यांना हवे तसे गुण द्या.

प्रश्न: नवीन प्रकल्प आहे, महारेरा क्रमांक आहे. आणखी काय बघायचे? (विरार)

क्रमांक म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या लावून महारेरा नोंदणी मिळवली होती. त्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. म्हणून महारेरावर टाकलेली सीसी उघडा, तिचा क्रमांक आणि तारीख घ्या आणि ती ज्या महापालिकेच्या नावाने आहे तिथे ताडून पाहा. विरारसाठी ती वसई-विरार महापालिका.

महारेराच्या पानावर खरा उपयोग तिमाही प्रगती, मुदतवाढी, प्रकल्पावरचे बोजे, दावे आणि इंजिनीअरचा फॉर्म २-ए यांचा. या फॉर्ममध्ये साहित्याच्या गुणवत्तेची हमी असते. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत संरचनात्मक दोष, गळती, कामातली कुचराई दिसली तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचे असते. तक्रार लेखी करा, फोटोवर तारीख ठेवा आणि तोंडी आश्वासनावर पहिला पावसाळा घालवू नका.

प्रश्न: आम्ही भाड्याने राहणार. सोसायटी आम्हाला कागद दाखवत नाही. काय करायचे? (घाटकोपर)

सोसायटीचे दप्तर पाहण्याचा हक्क सदस्याला असतो, तुम्हाला नाही. सोसायटी माहिती अधिकाराखाली थेट येतही नाही. म्हणून मालकाकडून मागवा, किंवा जो कागद सोसायटीने सरकारी कार्यालयात दिला आहे तो त्या कार्यालयाकडे मागा.

अर्ज १० रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रती पानाला २ रुपये. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला हवा. लांबलचक अर्ज याच कारणाने परत येतात. मजकूर असा चालेल: ‘सीटीएस क्रमांक अमुक, गाव अमुक येथील अमुक इमारतीच्या (१) वापर परवानगीची व सोबतच्या मंजूर नकाशाची प्रत, (२) कलम ३५३ब खाली दाखल शेवटच्या अहवालाची प्रत, (३) गेल्या ५ वर्षांत कलम ३५१, ३५४, ३५४अ खाली दिलेल्या नोटिसांची यादी, दिनांक व सद्यःस्थिती द्यावी.’ नोटिसा आणि अहवाल वॉर्ड ऑफिसात, तर ओसी-नकाशे इमारत प्रस्ताव विभागात असतात, त्यामुळे (१) चा अर्ज वेगळा केलेला बरा. ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून नकाशा नाकारला तर ३० दिवसांत पहिले अपील करा, किंवा आधीच प्रतीऐवजी फाइल पाहण्याची मागणी करा. पहिल्या तासाला शुल्क नसते.

महिनाभर थांबायला वेळ नसेल तर इमारतीत जाऊन दोन कागद पाहा. एक, लिफ्टमधला परवाना आणि शेवटच्या तपासणीची तारीख. दुसरा, फॉर्म बी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे हे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. मॅनेजरला ‘जुलैचा फॉर्म बी बघू’ म्हणा. कागद असेल तर दोन मिनिटांत निघतो. मग जिन्यातल्या हायड्रंटची पेटी उघडून आत होज आणि नोझल आहे का ते बघा. उंच इमारतीत रेफ्युज एरियाचे (आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेचे) दार ढकलून पाहा: कुलूप, सायकली, जुने सोफे यांतले काही आत असेल, तर फॉर्म बीवर सही करणारा तिथवर गेलेला नाही.